तीन दगडांचे स्वयंपाकघर

वाचकहो, एखाद्या सकाळी आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून तेथील वस्तूंची शांतपणे गणती करून पाहा. एक वाजणारा कुकर, एक न वाजणारा कुकर, मिक्सरची चार भांडी आणि त्यांपैकी कधीच न लागणारी तीन, कुणाच्या तरी लग्नात मिळालेले आणि अद्याप खोक्यातच असलेले इडलीपात्र, झाकणे नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणे. फ्रिजच्या दारावर डॉक्टरांनी लिहून दिलेला आहाराचा तक्ता. एवढा सरंजाम मांडून दुपारी साडेबाराला ताट वाढावे, आणि घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने त्या ताटाकडे क्षणभर पाहून म्हणावे, "आज काही नको वाटतंय." ज्यांच्या घरी ऐंशी ओलांडलेले कोणी आहे, त्यांना हे वाक्य परिचयाचे असेल, आणि ज्यांनी स्वतः ऐंशी ओलांडली आहे, त्यांनी ते उच्चारलेलेही असेल.

आता दुसरे एक स्वयंपाकघर पाहू. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, ओटा तर नाहीच. तीन दगड, एक लोटा, एक तवा, पंच्यात बांधलेले पीठ आणि चिमूटभर मीठ, एवढ्यावर ते चालते. ते आज या वडाखाली असते, उद्या पुढल्या गावच्या धर्मशाळेमागे. बैरागी, गोसावी, मेंढरांमागे फिरणारे धनगर, बैलगाडीने माल वाहणारे गाडीवान, पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारे कितीतरी जण याच स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या जेवले. आणि त्यांच्यापैकी कुणी ताटाकडे पाहून "आज नको वाटतंय" म्हटल्याचे ऐकिवात नाही. अर्थात, पुष्कळांकडे ताटच नसे, हाही मुद्दा आहे.

दगड तीनच का, असा प्रश्न लहानपणी आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. चार दगड मांडून पाहावेत, म्हणजे उत्तर मिळते. चारांपैकी एक हमखास कमी-जास्त निघतो आणि भांडे डुगडुगते. तीन दगड कितीही वेडेवाकडे असले तरी भांडे तिरके बसेल, पण डुगडुगणार नाही. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जाते, हा भूमितीचा सिद्धांत आपण शाळेत पाठ केला आणि विसरलो. गोसाव्याने तो पाठ केला नाही आणि विसरलाही नाही, कारण विसरला असता तर त्याचे वरण मातीत गेले असते.

या उघड्यावरच्या पाककलेत आपणच एकटे निपुण होतो, असे मात्र नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मालगाड्यांतून फुकट प्रवास करीत, काम मिळेल त्या गावी उतरणारे फिरस्ते मजूर होते. त्यांना 'होबो' म्हणत. रेल्वेच्या रुळांजवळच्या झाडीत त्यांचा तळ पडे आणि त्या तळाला ते 'जंगल' असेच म्हणत. तेथे कुणी बटाटा आणी, कुणी कांदा, कुणी खाटकाकडून मागून आणलेले हाड. रिकाम्या डब्यात किंवा कुणीतरी मागे ठेवलेल्या पातेल्यात हे सारे एकत्र उकळे आणि त्याला 'मलिगन' असे भारदस्त नाव मिळे. काल काय शिजले होते यावर आजच्या रश्श्याची चव अवलंबून असावी, असा माझा अंदाज आहे. नेल्स अँडरसन हा अभ्यासक स्वतः तरुणपणी या फिरस्त्यांत राहिलेला होता. त्याने १९२३ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यात या जंगलाचे कायदेही नोंदवले आहेत. भांडे न घासता निघून जाणे आणि अन्न वाया घालवणे हे तेथे गुन्हे समजले जात. आपल्या घरांतही हे गुन्हेच समजले जातात. फरक एवढाच, की तेथे गुन्हेगाराला शिक्षा होई.

माझे घर गासचे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, नारळ-केळीच्या वाड्या आणि खाजणे यांच्या मध्ये वसलेले हे गाव. वाड्या आता आक्रसत चालल्या आहेत, इमारती जवळ येत आहेत. आमच्या शेजारच्या सोपाऱ्याला फिरस्त्यांच्या जेवणाचा इतिहास फार जुना आहे. तेथील स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. या प्राचीन बंदरात उतरलेले भिक्षू हे फिरस्त्यांतले सर्वांत हुशार म्हटले पाहिजेत, कारण ते स्वयंपाकच करीत नसत. त्यांच्या नियमाप्रमाणे भिक्षूने स्वतः शिजवायचे नाही, साठवायचे नाही आणि मध्यान्हीपूर्वी जेवण उरकायचे. चूल, धूर, भांडी या तिन्हींतून एका नियमात सुटका.

त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हा लेख प्रवासाविषयीचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी दौरे काढीत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा काढतो आणि त्या यात्रेत वृद्धांची भेट घेऊन त्यांना सुवर्ण देतो, असा त्याचा आशय आहे. सुवर्णाचे राहू द्या. वृद्धांची भेट घेणे हा राजाने दगडावर कोरून ठेवण्याच्या योग्यतेचा कार्यक्रम होता, एवढे जरी आज कुणाच्या ध्यानी आले, तरी आपल्या पाक्षिकाच्या निम्म्या वाचकांचा रविवार बरा जाईल.

आता आमच्या घरातल्या फिरस्त्याकडे वळतो. माझे थोरले मामा गेली काही वर्षे आमच्याकडे असतात. वय ८७. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पायी नर्मदा परिक्रमा केली. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही तीर धरले की चाल २६०० किलोमीटरांच्या वर जाते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, जवळ संचय करायचा नाही. शास्त्राप्रमाणे ही परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांची. मामांनी ती चातुर्मास संपल्यावर ओंकारेश्वरहून उचलली आणि साडेपाच महिन्यांत पुरी केली. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ज्यांनी वाचली असेल, त्यांना या वाटेची कल्पना असेल. मामांनी ती निघण्यापूर्वी वाचली होती, आणि परत आल्यावर ते म्हणाले, "पुस्तकात पायांचे फोड दुखत नाहीत."

परिक्रमावासीला वाटेवरच्या आश्रमांत आणि गावांत सदावर्त मिळते. सदावर्त म्हणजे तयार जेवण नव्हे. बहुधा कोरडा शिधा: कणीक, डाळ, मीठ, मिरची, कधी थोडे तेल, भाग्य जोरावर असेल तर गुळाचा खडा. पुढचे काम ज्याचे त्याने करायचे. मामांनी तोपर्यंतच्या आयुष्यात चहाही केलेला नव्हता. मामींच्या मते त्यांना घरातला साखरेचा डबा कोणता हेही माहीत नव्हते. असा मनुष्य नदीकाठी तीन दगड मांडून बसला, आणि साडेपाच महिन्यांनी एक जाणता आचारी होऊन परतला. मामींना या परिवर्तनाचा आनंद फार काळ मिळाला नाही. कारण घरी येताच त्यांनी स्वतः करणे सोडले आणि मामींच्या करण्यातल्या चुका काढणे सुरू केले.

त्यांच्या पाकशास्त्राचा पहिला अध्याय डाळीचा आहे. उघड्यावर डाळ शिजत नाही. ती शिजण्याची वाट पाहता पाहता मनुष्य विरक्त होतो. त्यावर त्यांना एका वृद्ध साधूने युक्ती शिकवली. सकाळी चालू लागतानाच डाळ धुऊन झाकणाच्या कडीच्या डब्यात भिजत घालायची आणि डबा काठीला अडकवायचा. दहा-बारा मैल डाळ आपल्याबरोबर चालते. दुपारी चूल पेटेपर्यंत ती निम्मी शरण आलेली असते. मीठ उतरवताना घालायचे, चिंच-आमसूल तर डाळ पुरती मऊ झाल्यावरच, कारण आंबट आधी पडले की डाळ हट्टाला पेटते. यातले साधूपण बाजूला ठेवले तरी शास्त्र पक्के आहे. भिजवलेली डाळ लवकर शिजते, नीट शिजते, आणि वयस्कर पोटाला कमी त्रास देते. आपल्या घरी कुकर असला तरीही तासभर आधी भिजवायला हरकत नसते.

दुसरा अध्याय टिक्कडाचा. टिक्कड म्हणजे जाड, हातावर थापलेली पोळी. आधी तव्यावर, मग निखाऱ्यांच्या कडेला उभी करून भाजायची. तिच्या जाडीविषयी परिक्रमावासींत मतभेद आहेत. मामांच्या मते ती बोटाएवढी जाड असावी. याहून जाड केली तर बाहेरून कोळसा आणि आतून खीर होते. याहून पातळ केली तर ती पोळी होते आणि पोळी करण्यासाठी घर सोडून एवढ्या लांब यायचे कारण नव्हते. कणीक भिजवायला परात नसेल तर स्वच्छ धुतलेला पंचा दगडावर पसरायचा. भांड्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीवर बसते आणि मातीबरोबर निघून जाते. हा शेवटचा उपाय ऐकून आमच्या घरच्या मंडळींनी प्रथमच मामांकडे आदराने पाहिले.

धुराविषयी त्यांचे एक निरीक्षण आहे, की तो नेहमी स्वयंपाक करणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो; जागा बदलली तर तोही जागा बदलतो. आपणही हे अनुभवले असेल. यात पूर्वजन्मीचे काही नाही. आग पेटली की ती चहूबाजूंनी हवा ओढून घेते. आपण जेथे बसतो तेथून येणारी हवा आपल्याच देहामुळे अडते, आणि धुराला नेमकी तीच बाजू मोकळी सापडते. मामांचा तोडगा सोपा होता. समोरच्या बाजूला एखाद्या जाडजूड सहप्रवाशाला बसवायचे.

शूलपाणीच्या झाडीत मात्र सारे शास्त्र संपले. या डोंगराळ प्रदेशात परिक्रमावासीला भिल्लांकडून लुटले जाण्याची जुनी परंपरा होती; अंगावरच्या वस्त्रापलीकडे काही राहात नसे. हे लुटणारेही परिक्रमेच्या भाषेत 'मामा'च. त्यामुळे आमच्या मामांना मामांनी लुटले, ही हकीकत घरातल्या प्रत्येक बालकाने दहा वेळा तरी ऐकलेली आहे. तवा गेला, लोटा गेला, पीठ गेले, चष्मा तेवढा परत मिळाला. कारण एका मामाने तो डोळ्यांना लावून पाहिला आणि त्याला डोंगर हलताना दिसला. त्या रात्री, त्याच लोकांच्या पाड्यावर, एका म्हाताऱ्या बाईने मक्याचे पीठ मळून, पळसाच्या पानांत दुमडून निखाऱ्यात पुरले आणि अर्धे यांच्यापुढे ठेवले. तिच्या घरी दुसरे काही नव्हते. मामा हा भाग सांगताना आवाज खाली आणतात. आयुष्यात इतके चांगले आपण जेवलो नाही, असे ते म्हणत. आणि मामी हयात असतानाही म्हणत, यावरून विधानाचे गांभीर्य ध्यानी यावे.

गेल्या वर्षी हेच मामा जेवेनासे झाले. पाच महिन्यांत ५२ किलोंचे ४७ वर आले. अशा वेळी सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, की सहा महिने ते वर्षभरात काही कारण नसताना वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले, तर ते 'वयोमानाप्रमाणे' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. आम्ही दाखवले. तपासण्या झाल्या, एक गोळी बदलली, सैल झालेली कवळी नीट बसवून घेतली, पोट साफ होण्याकडे लक्ष दिले. भयंकर असे काही निघाले नाही. वय वाढते तशी चव आणि वास यांची जाण मंदावते, तहानही कमी लागते. त्यात मीठ कमी, तेल कमी, तिखट बंद असे गोळीबंद जेवण पुढ्यात आले की भूक दारातूनच परत जाते, असे डॉक्टरांनी समजावले. मामा ताटासमोर बसत, दोन घास खात आणि पाणी पिऊन उठत. मृदुपणे म्हणत, "छान झालंय." ज्या माणसाने आयुष्यभर नावे ठेवली, तो 'छान झालंय' म्हणू लागला, तेव्हा आमच्या घरात खरी भीती शिरली.

डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघराची लादी बदलायला काढली. तीन दिवस ओटा बंद. घरामागे वाडीत, विहिरीजवळ, पाणी तापवण्यापुरते तीन दगड मांडले आणि मामांची खुर्ची उन्हाला म्हणून तेथेच ठेवली. माझा नातू उत्साहाने काटक्या रचत होता. दहा मिनिटे मामांनी ते पाहिले.

"अरे, वाऱ्याकडे पाठ करून चूल मांडतात का? तोंड फिरव तिचं. आणि ती ओली झावळी काढ आधी. धूर करायचाय की जेवण?"

आमच्या सौभाग्यवती घमेल्यात भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. कित्येक महिन्यांत मामांनी एवढे लांब वाक्य उच्चारले नव्हते.

त्यानंतर तासभर ते बोलतच होते. करवंटी कधी घालायची, निखारा पुढे कसा ओढायचा, कणीक किती घट्ट. नातवाने थापलेल्या पहिल्या टिक्कडाला त्यांनी "हा गुजरातचा नकाशा झाला, कच्छसकट" असे म्हटले. दुसरे थोडे बरे म्हणून स्वीकारले. निखाऱ्यात भाजलेले वांगे, तासभर भिजवलेल्या तुरीचे वरण, आणि त्यात कुस्करून मऊ केलेले दीड टिक्कड, एवढे ते त्या दिवशी जेवले. वर म्हणाले, "वरणाला मीठ कमी आहे." मीठ कमीच होते, डॉक्टरांनी सांगितले तेवढे. पण त्या तक्रारीने आम्हाला जो आनंद झाला, तो कुठल्याही कौतुकाने झाला नसता.

हे चुलीमुळे झाले, असे आपण म्हणाल. मला ते पुरते पटत नाही. लाकडाच्या धुराला एक खमंग वास असतो आणि मंदावलेल्या नाकालाही तो जाणवतो, हे खरे. परंतु फिरस्त्याच्या जेवणात दोन मसाले असतात, ते आपल्या डब्यांत नसतात. एक, शिजण्याआधी तासभर त्या अन्नाभोवती वावरणे: ते पाहणे, हुंगणे, त्यावर मत देणे. आपल्या घरी वृद्ध माणसाला अन्न एकदम भरलेल्या ताटाच्या रूपात भेटते, पत्राने कळवल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखे. दुसरा मसाला म्हणजे भोवती बसलेली माणसे. सोबतीने जेवणारा एकट्याने जेवणाऱ्यापेक्षा अधिक जेवतो, हे आहारशास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. होबोंच्या त्या जंगलात ते न तपासताच माहीत होते. आमच्याकडे मामा साडेबाराला जेवत आणि बाकीचे आपापल्या वेळेला. त्यांच्या पथ्याचे वेगळे, म्हणून वेळही वेगळी. ही सोय होती. सर्वांचीच होती, फक्त त्यांची सोडून.

लादी बसली, ओटा सुरू झाला. रविवारची चूल मात्र राहिली. आणि येथून पुढे ती आमच्या हातात राहिली नाही. पहिल्या रविवारी शेजारच्या ख्रिस्ती मावशी धूर कशाचा म्हणून पाहायला आल्या आणि ओंजळभर वालाच्या शेंगा टाकून गेल्या. पुढच्या रविवारी त्या रताळी आणि स्वतः उन्हात सुकवलेली सुकेळी घेऊन आल्या आणि गेल्या नाहीत, जेवल्या. सुकेळी हा आमच्या वसईचा मेवा; राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळक्या पानांत बांधायची. टिकाऊ, गोड आणि दातांना सोसणारी. एवढी फिरस्त्याच्या झोळीला शोभणारी वस्तू परिक्रमेत बरोबर नेली नाही, याची मामांना आता चुटपुट लागली आहे. तिसऱ्या रविवारी पलीकडचे एक निवृत्त गृहस्थ सुके बोंबील घेऊन अवतरले. मामा परिक्रमेपासून शाकाहारी. थोडा वेळ शांतता पसरली. मग मामांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि खालच्या अंगाला दुसरी चूल मांडण्याची परवानगी दिली. नर्मदाकाठी हे चालले नसते, पण गासला विहीर आहे, नदी नाही, असा त्यांनी निर्णय दिला.

थंडीत एकदा घड्याचा प्रयोगही झाला. वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे, लहान वांगी घड्यात भरायची, तोंड पाल्याने गच्च बंद करायचे, घडा उलटा ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. रायगडात यालाच पोपटी म्हणतात, आणि आमच्यापासून उत्तरेला, वलसाडकडे, हिची बहीण उंबाडियू या नावाने हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला विकली जाते. वाफेवर शिजलेल्या या भाज्या इतक्या मऊ होतात, की कवळी काढून ठेवलेल्यांनाही त्या खाता येतात. मधुमेहींनी मात्र रताळे आणि बटाटे भातासारखेच हिशेबात धरावेत. 'भाजीच तर आहे' हा युक्तिवाद साखरेला मान्य नाही.

आपल्यापैकी कुणाला अंगणात किंवा गच्चीवर असा बेत करावासा वाटला, तर काही गोष्टी मोकळेपणाने सांगतो. लाकडाचा धूर हा खमंग असला तरी निरुपद्रवी नाही. घरातील चुलींच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या आयांनी आणि आज्यांनी आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी फुंकली, त्यांच्यापुढे चुलीचे गोडवे गाताना थोडी लाज बाळगावी. दमा, फुप्फुसांचा जुना विकार किंवा हृदयविकार असलेल्यांना धुरात बसवू नये. त्यांच्यासाठी गॅसवर शिजवलेले ताट बाहेर उन्हात आणले तरी माणसे आणि गप्पा त्याच असतात. धगधगती शेगडी थंडीच्या नावाखाली खोलीत कधीही नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेल्याला तो जागे करीत नाही. चुलीजवळ सुती कपडे असावेत, पदर खोचलेला, पाण्याची बादली भरलेली. रॉकेल ओतून आग पेटवणाऱ्या उत्साही नातेवाइकाला शेंगा सोलायला बसवावे.

आणखी एक गोष्ट, जी चुलीच्या नादात हमखास विसरली जाते. उघड्यावरचा स्वयंपाक ठरल्या वेळी कधीच होत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण त्यासाठी लांबवू नये. त्याला वेळेवर त्याचे नेहमीचे जेवण द्यावे, आणि चुलीवरचे चाखायला नंतर बोलवावे. गिळताना ठसका लागणाऱ्यांना कोरडे टिक्कड देऊ नये. वरणात पूर्ण भिजवलेले, तेही डॉक्टरांना विचारून. करपलेला भाग सोलून टाकावा. आणि वृद्ध व्यक्तीला जमिनीवर बसवण्याचा हट्ट धरू नये. मामा हातांच्या खुर्चीत बसतात, पायाखाली सपाट फळी असते आणि हातात काठी. काठी आधारासाठी आहे, असे आम्ही समजतो. ते तिने निखारे दाखवतात.

मामांचे वजन दोन महिन्यांत दीड किलोने वाढले आणि तेथेच थांबले आहे. आठवड्यातले सहा दिवस ते आता सर्वांबरोबर एक वाजता टेबलावर जेवतात. भूक पूर्वीची नाही, पण भाजी निवडायची थाळी सकाळी त्यांच्यापुढे येते आणि त्या निमित्ताने दुपारच्या बेतावर टीका होते, ती साडेनऊपासून चालते. सौभाग्यवतींनी ती औषधासारखी वेळेवर सोसायचे ठरवले आहे.

वाद उरला आहे तो दगडांचा. सौभाग्यवतींचे म्हणणे, दगड वाटेत येतात, रविवार झाला की उचलून ठेवावेत. मामांचे म्हणणे, परिक्रमेत चूल मोडून जायची पद्धत नाही. आग पाण्याने पुरती विझवायची, राख गार झाल्याची हात लावून खात्री करायची, आणि दगडांशेजारी पुढच्यासाठी चार सुकी लाकडे ठेवायची. न जाणो, मागून येणाऱ्याला अंधारात काही सापडले नाही तर. गासला आमच्या वाडीत मागून कोण येणार, हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारून पाहिला. प्रत्यक्षात येतो तो आमचा नातू आणि त्याची टोळी. ठेवलेल्या चार लाकडांतली तीन सरळ लाकडे त्यांनी हेरली आहेत, आणि दर रविवारी चूल पेटवण्यापूर्वी आम्हाला विहिरीपलीकडे जाऊन, डाव चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबून, आधी स्टंप उपटून आणावे लागतात.